पायांनी मोजलेले सुरुंग

बाबलकाका, "बाबलकाका गेले" असं ओरडत माणूस आला आणि मी खाणीकडे धावलो. रस्त्याकडे नाही. सोमवार होता. सुरुंग गुरुवारी असतो. त्या दिवशी खाणीत दारूची एक कांडीसुद्धा नव्हती, आणि हे सगळ्यांत जास्त मलाच ठाऊक होतं. तरी मी वर धावलो. अर्ध्या चढावर ड्रिलवाल्याने मला दंडाला धरून फिरवलं आणि खाली बोट दाखवलं. वळणावर डंपर तिरका उभा होता आणि तुमचं लाल निशाण त्याच्या पुढच्या चाकाशी पडलं होतं.

आज अकरा दिवस झाले. डोकं अजून तसंच वर धावतंय. तीस वर्षं काळ्या दगडात सुरुंग लावणारा माणूस तुम्ही. या धंद्यात म्हातारं व्हायचं तर एखादं बोट, एखादा डोळा ठेवून जावा लागतो म्हणतात, पण तुमची दहाही बोटं शाबूत होती. नवा माणूस कामावर आला की त्याच्यापुढे दोन्ही पंजे पसरायचात आणि म्हणायचात, "धायच्या धाय आसत. मोजून घी." अशा माणसाला आमच्याच खडीच्या डंपरने, आमच्याच वळणावर, सकाळच्या स्वच्छ उन्हात मारावं, हे मला अजून पटत नाही. गेलेल्या माणसाशी भांडू नये असं आई सांगते. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय काका, आणि आता दोन्ही बाजू मलाच मांडायच्या आहेत.

मी खाणीवर आलो तेव्हा माझ्या खाणकामाच्या डिग्रीची शाई वाळली नव्हती. मी कट्टा गावचा, तिथल्या बाजारात बाबांचं दुकान, तुम्ही त्यांच्याकडून विडीचं बंडल घ्यायचात. त्यामुळे जीपमध्ये शेजारी बसलात की मी तुमचा "झिला", म्हणजे पोरगा असायचो आणि ऑफिसची पायरी चढलात की "साहेब". भाषाही पायरीवरच बदलायची. जीपमध्ये तुमच्या तोंडाला खीळ नसायची. कुठला दगड गरोदर बाईसारखा नाजूक, कुठला सासूसारखा, कुणाच्या काजूत यंदा बोंडं किती, सगळं. ऑफिसात मात्र तुम्ही खिडकीजवळच्या स्टुलावर बसून नुसती मान हलवायचात. मला वाटायचं, म्हातारा टेबलखुर्चीला बुजतो. मला त्याची गंमतही वाटायची, खोटं कशाला सांगू.

तेव्हा सुरुंग रोज दुपारी एकला उडायचे. तुमची शिटी तीनदा वाजायची, खालच्या रस्त्यावर निशाण लागायचं, गावातल्या बाया भाताचं आधण त्या शिटीवर ठेवायच्या. वीस-बावीस उथळ भोकं, प्रत्येकाची वात वेगळ्या लांबीची. बत्ती देऊन तुम्ही कातळाच्या आडोशाला यायचात, पायातल्या चपला काढून जोडीने बाजूला ठेवायचात आणि डोळे मिटून उभे राहायचात. एकेक बार उडायचा आणि तुमचे ओठ हलायचे. शेवटी डोळे उघडून दोनच गोष्टींपैकी एक बोलायचात. "सगळे." नाहीतर, "एक रवलो." म्हणजे एक सुरुंग न उडता दगडात बसून राहिलाय. तसं झालं की अर्धा तास कुणी आडोशाबाहेर पाय टाकायचा नाही, खुद्द मालक आला तरी. मग तुम्ही एकटे जायचात, राहिलेला शोधायचात आणि त्याचा निकाल लावून यायचात. तुमचा आकडा चुकलेला मी एकदाही पाहिला नाही.

त्या चपला तुम्ही देवासाठी काढता असं मी समजत होतो. पावसाळा संपून खाण उघडली की पहिल्या सुरुंगाला नारळ ठेवून गाऱ्हाणं तुम्हीच घालायचात, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांका डोळ्यांत तेल घालून राख." आम्ही मागून "होय म्हाराजा" म्हणायचो. तेव्हा वाटलं, राखणदाराच्या जागेत हा माणूस अनवाणी उभा राहतो, दुसरं काय असणार. कॉलेजच्या मित्रांना मी ते फोनवर रंगवून सांगितलं होतं. मोबाईल नवे होते आणि रेंज फक्त ड्रिलच्या टेकाडावर यायची, म्हणजे तुमच्यापासून वीस पावलांवर उभं राहून मी ते सांगत होतो. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. ऐकलंत आणि हसलात असं वाटून मला लाज वाटली होती. आता कळतं, तुम्ही ऐकलंच नव्हतं.

मला आणलं होतं ते माल वाढवायला. जुन्या पद्धतीत दगड गाईएवढे पडायचे, ते पुन्हा घणाने नाहीतर बारक्या सुरुंगाने फोडायचे. क्रशर अर्धा दिवस उपाशी. वर दगड उडून काजूच्या बागेत जायचे, शेजारच्या घरांच्या भिंतींना भेगा पडायच्या, त्या घरच्या बायांच्या शिव्या खायच्या. मी म्हटलं, भोकं थोडी पण खोल मारू, मोजून अंतरावर मारू, तोंडं मातीऐवजी बारीक खडीने ठासू. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सगळे सुरुंग विजेच्या तारेवर, पण प्रत्येकात निमिषभराचं अंतर. पहिला दगड सैल करतो, दुसऱ्याला जागा होते. आठवड्यातून एकदा उडवायचं, आठवडाभर पुरवायचं. तुम्ही सगळं जीपमध्ये ऐकून घेतलंत आणि विचारलंत, दगडाला विचारलंस काय.

नव्हतं विचारलं. पहिला प्रयोग पूर्वेच्या कड्यावर झाला आणि माझी पुरती फजिती झाली. अर्धा कडा जागच्या जागी उभा, आणि उरलेला काजूच्या बागेत. मी आकडे घेऊन ऑफिसात बसलो होतो, कागद फाडत. तुम्ही दारात येऊन नुसता हात केलात. मला बूट काढायला लावून कड्याशी नेलंत, माझा तळहात धरून दगडावर एका जागी दाबलात. बोटभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा होता, वरून धूळ बसलेला. "हय माती आसा. तुझी दारू हयसून पळता."

त्या एका वाक्याने माझं सगळं गणित सुटलं. त्या पट्ट्यासमोर दारू भरायचीच नाही, तेवढा भाग खडीने भरायचा, त्याच्या वर आणि खाली दारू वेगवेगळी भरायची. पुढच्या गुरुवारी सुरुंग उडाला तेव्हा एकही दगड बागेत गेला नाही. सगळा कडा जागच्या जागी सैल होऊन पुढे पसरला, क्रशरच्या तोंडात मावेल असा. तुम्ही त्या राशीवर चढलात, एक दगड पायाने उलटवलात आणि वरून सांगितलंत, आता घण विकून टाका. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा डिग्री मिळाल्यावरही झाला नव्हता. मालकाने माझी पाठ थोपटली. मी वर पाठवलेल्या अहवालात मातीच्या पट्ट्यावर दीड पान आहे. तुमचं नाव नाही. ते घालावं असं मला सुचलंसुद्धा नाही, आणि तुम्ही कधी विचारलंही नाहीत.

भांडण लागलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. नवे सुरुंग एका दमात उडतात. कानाला एकच लांब गडगडाट. तुम्ही चपला काढून उभे राहायचात, डोळे उघडायचात, आणि तोंडातून ना "सगळे" ना "एक रवलो". "मोजूक गावना नाय," एवढंच. मी म्हणायचो, काका, मोजायची गरजच नाही, उडवायच्या आधी यंत्र लावून तारा तपासतो, एकही तुटकी असली तर यंत्र सांगतं. तुम्ही एकदा जीप थांबवायला लावलीत आणि माझ्याकडे वळून बसलात.

"यंत्र आदी सांगता, झिला. मागीर कोण सांगतलो?"

मी नुसता हसलो. ते हसणं तुम्ही लक्षात ठेवलंत की नाही कोण जाणे, मी ठेवलंय.

तुम्ही मात्र आपला हेका सोडला नाहीत. सुरुंगानंतर अर्धा तास थांबायचंच, मग एकट्याने रास फिरून यायची, भोकागणिक वाकून बघायचं. खाली डंपरांची रांग, यंत्र बंद, मालकाचा फोन. मी कंटाळलो. आज सरळ लिहितो, मी तुम्हाला कंटाळलो होतो. माल वाढला तशा डंपरच्या खेपा वाढल्या होत्या. खालचं वळण धोक्याचं झालं होतं, मालवणच्या गाडीतून उतरणाऱ्या मासेवाल्या बाया टोपल्या घेऊन तिथेच रस्ता ओलांडतात, शाळेची पोरं तिथूनच जातात. तिथे निशाण घेऊन भरवशाचा माणूस हवा असं मी तुम्हाला सांगितलं. ते खरं होतं. पण अर्धंच. तुम्ही खाणीतून उतरलात तर माझा अर्धा तास वाचणार होता, हे उरलेलं अर्धं. जीप कट्ट्याला पोचेपर्यंत तुम्ही गप्प होतात. उतरताना म्हणालात, "बरां. पण शिटी मी देवचंय नाय."

आणि मग तो शुक्रवार. तुम्ही ऑफिसात स्टुलावर, नेहमीसारखे खिडकीकडे तोंड करून, डावा खांदा माझ्याकडे. बाहेर क्रशर चालू. मी नकाशावर पेन ठेवून सांगितलं, सोमवारपासून क्रशरच्या मागचा नवा उतार चालू होतोय, भरलेले डंपर तिकडून खाली येतील, म्हणजे तुमच्या पाठीमागून. तेव्हा तोंड तिकडे ठेवा, जुन्या रस्त्याने कुणी येणार नाही. तुम्ही मान हलवलीत. "होय साहेब." मी फोन उचलला आणि तुम्ही निघून गेलात.

सोमवारी तुम्ही जुन्या रस्त्याकडे तोंड करून उभे होतात.

त्या दोन मासेवाल्या बायांनी मला सांगितलं ते मी इथे एकदाच लिहितो. तुम्ही निशाण आडवं धरून त्यांना थांबवलं होतं. डंपर मागून आला. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न दिला, निशाणवाला बाजूला होणारच अशा खात्रीने. बाया ओरडल्या. तुम्हाला वाटलं, त्यांना उशीर होतोय म्हणून त्या तुमच्यावर चिडल्या आहेत. तुम्ही हसून त्यांना हात दाखवलात, थांबा म्हणून.

पोलीस जबाब घ्यायला आले. विचारलं, नव्या मार्गाची कल्पना दिली होती का. मी सांगितलं, होय, शुक्रवारी, समक्ष, नकाशा दाखवून. खाली वाक्य आलं: "सूचना देऊनही मयताने त्याकडे लक्ष दिले नाही." मी वाचलं आणि सही केली. प्रत्येक शब्द खरा आहे असं मला वाटत होतं. त्या सहीने माझी स्वतःची भीती थोडी कमी झाली, हेही खरं.

पाचव्या दिवशी तुमच्या घरी आलो. काकी माजघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, "ह्यांनी लक्ष देवक नाय म्हणान तुमी लिवन दिलास?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी नकाशाचं सांगू लागलो, शुक्रवारचं सांगू लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"डाव्या कानान तेंका कायच ऐकाक येय नाय होता. उजव्यान अर्दां. तुमका सोडून सगळ्यांका म्हायत होता."

सगळ्यांना. ड्रिलवाल्याला, क्रशरवरच्या बायांना, चहाच्या टपरीवाल्याला. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणून कुणी तुम्हाला डावीकडून हाक मारत नसे, उजवीकडे येऊन खांद्याला हात लावत. आणि माझ्यापासून ते सगळ्यांनी मिळून लपवलं, कारण साहेबाला कळलं तर सुरुंग उडवायचा तुमचा दाखला जाईल. मी विचारलं, मग बार कसे मोजायचे. काकींना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. पायांनी, म्हणाल्या. जमिनीतून कळायचं. चपला घालून नाही कळायचं, म्हणून काढायचे.

मी त्या घरातून कसा बाहेर पडलो ते आठवत नाही. जीपमध्ये बसलो आणि शेजारची रिकामी सीट बघितली. मी चालवायचो, तुम्ही माझ्या डाव्या हाताला, म्हणजे तुमचा उजवा कान माझ्याकडे. तिथे तुम्ही भांडायचात, हसायचात, उत्तरं द्यायचात. ऑफिसात डावा कान. तिथे तुम्ही मान हलवायचात. तीन वर्षं मी हे रोज बघत होतो, आणि मला दगडातली बोटभर मातीसुद्धा तुम्हाला हात धरून दाखवावी लागली होती, तर हे कुठून दिसणार.

रागही आला तुमचा. अजून आहे. माझ्या डब्यातली सुरमई खाल्लीत, आईच्या हातच्या तिरफळाच्या आमटीचं कौतुक केलंत, आणि एवढी एक गोष्ट सांगितली नाहीत. सुरुंगवाल्याने बहिरेपण लपवायचं, हा काय पोरखेळ आहे? सांगितलं असतंत तर मी दाखला काढून घेतला असता काय? मी स्वतःला खूपदा विचारलं, आणि दर वेळी उत्तर येतं, होय, घेतला असता. दुसऱ्याच दिवशी. नियम तोच सांगतो. म्हणजे तुमचं माझ्याबद्दलचं अनुमान बरोबर होतं. पण त्या वळणावर तरी तुम्हाला उभं केलं नसतं ना. बाबलकाका, त्या दिवशी जीप कट्ट्याला पोचेपर्यंत गप्प होतात, तेव्हा हेच तोंडाशी आलं होतं का? मी एकदा "काय झालं" विचारलं असतं तर बोलला असतात का? मी रेडिओ लावला होता.

काल गुरुवार. खाण पुन्हा चालू झाली, दहा दिवसांनी. नारळ ठेवला, पण गाऱ्हाणं घालायला कुणी पुढे होईना, सगळे माझ्याकडे बघू लागले. मला चार शब्दांपुढे येत नव्हतं. "होय म्हाराजा" मात्र सगळ्यांनी म्हटलं. मग मी आडोशाला जाऊन बूट काढले, मोजे काढले, कातळावर उभा राहिलो. सुरुंग उडाला. तळपायातून एकच थरथर गुडघ्यापर्यंत आली आणि गेली. मोजता येत नाही, काका. तुम्ही म्हणत होतात ते खरंच आहे. तुमच्या पायांना येत नव्हतं तर माझ्या कोवळ्या पायांना काय येणार.

अर्धा तास थांबलो. कुणी घड्याळ दाखवलं नाही. मग एकटा रास फिरलो, भोकागणिक वाकलो. सगळे उडाले होते. खाली उतरताना ड्रिलवाल्याने सवयीने विचारलं, सगळे काय, आणि माझ्या तोंडून निघालं, "एक रवलो." तो घाबरला. मी त्याला सांगितलं, खाणीत नाही.

बूट तसेच हातात घेऊन जीपमध्ये बसलो आणि थेट पोलीस ठाण्यात गेलो. पुरवणी जबाब द्यायचाय म्हटलं. मालकाला आधी विचारलं नाही, विचारलं असतं तर नोकरी राहते की नाही ते कालच कळलं असतं, आता सोमवारी कळेल. मी सांगितलं ते त्यांनी माझ्या शब्दांत लिहून घेतलं. की सूचना मी दिली, पण ती पोचली का हे पाहिलं नाही. की मी बाबलकाकांच्या डाव्या बाजूला होतो, क्रशर चालू होता, आणि मान हलली एवढ्यावर मी समाधान मानलं. की मयताने आयुष्यात कधी कामाकडे दुर्लक्ष केलेलं मी पाहिलेलं नाही, दुर्लक्ष माझ्याकडून झालं. की या खाणीचा माल वाढला तो त्यांनी दगडातली माती दाखवली म्हणून. शेवटचं वाक्य लागत नाही, म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या.

आज सकाळी त्याची प्रत घेऊन तुमच्या घरी आलो. भिंतीशी पाटावर तुमचा फोटो ठेवलाय, सुरुंगाच्या दाखल्यावरचाच मोठा केलेला, शेजारी ती शिटी. ही तुम्ही दिली नाहीतच. काकी म्हणाल्या, वाचा. मी फोटोसमोर जागा दिसली तिथे बसलो आणि वाचायला लागलो. दोन ओळी झाल्या असतील, काकींनी माझ्या हातातल्या कागदावर हात ठेवला.

"थंय नको. ह्या बाजूक बसा. ह्या कानान ऐकतत ते."

मी उठलो आणि तुमच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, मोठ्याने, सावकाश. वाचून झालं. चपला मी दारातच काढून आलो होतो. जमिनीवर पाय टेकून अर्धा तास तसाच बसून राहिलो. तेवढं थांबायचं असतं.